नावाचा मालक, कामाचा मालक

29 ऑक्टोबर 1942 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना एक सविस्तर निवेदन दिले. तेव्हा ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. अनुसूचित जातींची गाऱ्हाणी मांडणाऱ्या त्या निवेदनात कायदेमंडळातले प्रतिनिधित्व, सरकारी नोकऱ्या आणि उच्च शिक्षण हे विषय होते, आणि त्यांची आठवण आजही निघते. त्याच कागदावर आणखी एक मागणी होती. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कंत्राटांत अस्पृश्य समाजाला जवळजवळ काहीच वाटा मिळत नाही, तो मिळावा, अशी ती मागणी. हे बांधकाम खाते त्या काळी मजूर विभागाखालीच येत असे, त्यामुळे आतली स्थिती बाबासाहेबांना चांगली ठाऊक होती.

कंत्राटाचा मुद्दा त्यांना का महत्त्वाचा वाटला असेल हे समजणे कठीण नाही. नोकरीने एका घराची चूल पेटते. कंत्राट मिळाले तर त्या घरातला माणूस मालक होतो, दहा-वीस जणांना कामावर घेतो, बँकेत त्याची पत तयार होते, आणि पुढच्या पिढीला धंद्याचे भांडवल आणि ओळखी दोन्ही मिळतात. आपल्या देशात सरकारएवढे मोठे गिऱ्हाईक दुसरे नाही. रेल्वेपासून टपाल खात्यापर्यंत, संरक्षण कारखान्यांपासून तेल कंपन्यांपर्यंत, रोज खुर्च्या, केबल, गणवेश, औषधे, संगणक, साफसफाईची सेवा असे काही ना काही विकत घेतले जात असते. हा पैसा सगळ्यांच्या करातून येतो. तो कोणाच्या खात्यात जातो, हा प्रश्न विचारण्याचा हक्क सगळ्यांनाच आहे.

केंद्र सरकारच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी वाटा ठरवणारा आदेश निघाला तो मार्च 2012 मध्ये. मधे सत्तर वर्षे गेली. आदेश कागदावर चांगला आहे. त्याचा लाभ घेण्यासाठी 'आमचा उद्योग अनुसूचित जातीच्या मालकीचा आहे' हे सिद्ध करावे लागते, आणि या सिद्ध करण्याच्या वाटेवरच पुष्कळ लायक माणसे गळतात. ती वाट नेमकी कशी आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी अमेरिकेचा थोडा विचार करावा लागेल, कारण बाबासाहेबांनंतर ही कल्पना आपल्याकडे पुन्हा आली ती तिथून. मार्च 1969 मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी अल्पसंख्याकांच्या उद्योगांसाठी एक स्वतंत्र सरकारी कार्यालय सुरू केले. 1978 मध्ये 'आठ-अ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कार्यक्रमाला कायद्याचा पक्का आधार मिळाला. सामाजिक आणि आर्थिक दृष्ट्या वंचित व्यक्तींच्या उद्योगांना केंद्र सरकारची कामे राखून देण्याचा हा कार्यक्रम. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, मूळनिवासी आणि आशियाई-पॅसिफिक वंशाचे लोक सामाजिक दृष्ट्या वंचित आहेत असे गृहीत धरले जाई. भारतीय वंशाचे लोक सुरुवातीला या यादीत नव्हते. तिथल्या भारतीयांच्या एका संघटनेने अर्ज केला आणि 1982 मध्ये त्यांचा समावेश झाला. अमेरिकेत सॉफ्टवेअर किंवा अभियांत्रिकीचा व्यवसाय उभा केलेल्या कितीतरी भारतीयांनी, आणि त्यांत मराठी माणसेही आली, या दाखल्याच्या आधाराने सरकारी कामे मिळवली. ज्यांच्या पिढ्यांनी गुलामगिरी सोसली त्यांच्याच रांगेत, सुशिक्षित म्हणून तिथे गेलेले आपले लोक उभे राहिले. हे कितपत न्याय्य होते यावर तिथल्या मराठी मंडळींनी प्रामाणिकपणे विचार करायला हवा, असे मला वाटते.

अमेरिकेच्या पद्धतीतली शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. तिथे एक्कावन्न टक्के मालकी वंचित व्यक्तीची असली पाहिजे, ही अट आहेच. त्याहून कडक अट आहे नियंत्रणाची. महामार्ग, विमानतळ, सार्वजनिक वाहतूक यांच्या कामांसाठी जो दाखला दिला जातो, त्यासाठी तपासनीस उद्योजकाच्या कार्यालयात आणि कामाच्या जागी जाऊन पाहणी करतात. चेकवर सही कोण करते? निविदेतला दर कोणी काढला? ट्रक कोणाच्या नावावर आहेत? कामगार कोण नेमते, कोण काढून टाकते? मालकाला त्या कामातले कळते का, त्याचे शिक्षण आणि अनुभव काय? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील तर शेअर शंभर टक्के असूनही दाखला मिळत नाही. मालकाच्या वैयक्तिक संपत्तीलाही मर्यादा आहे. 'आठ-अ' कार्यक्रमात नऊ वर्षांनंतर बाहेर पडावेच लागते.

एवढे असूनही तिथे फसवणूक झाली. पेन्सिल्व्हेनियातली श्युल्किल प्रॉडक्ट्स ही पुलांच्या काँक्रीट तुळया बनवणारी कंपनी वंचित वर्गात बसत नव्हती. तिने कनेटिकटमधल्या मारिकिना नावाच्या, फिलिपिनो वंशाच्या माणसाच्या छोट्या कंपनीचा दाखला वापरला. कामे मारिकिनाच्या नावावर घ्यायची, तुळया स्वतः बनवायच्या, स्वतःच बसवायच्या, आणि नाव वापरल्याबद्दल मारिकिनाला ठरलेली किरकोळ रक्कम द्यायची, असा व्यवहार पंधरा वर्षे चालला. कामाच्या जागी जाताना आपल्या गाड्यांवरचे बोधचिन्ह झाकायला मारिकिनाच्या नावाच्या चुंबकीय पाट्या लावल्या जात. मारिकिनाच्या मालकाच्या सहीचा शिक्काही यांच्याच कार्यालयात होता. सुमारे 13 कोटी 60 लाख डॉलरची कामे अशी घेतली गेली. शेवटी दोन्ही बाजूंच्या लोकांवर खटले झाले आणि शिक्षाही झाल्या. नाव वापरू देणारा माणूस वंचित वर्गातला होता म्हणून सुटला नाही.

तिथला कार्यक्रम आता अडचणीत आहे. जुलै 2023 मध्ये टेनेसीतल्या केंद्रीय न्यायालयाने 'आठ-अ'मधले वंशावर आधारलेले गृहीतक घटनाबाह्य ठरवले. त्यानंतर प्रत्येक अर्जदाराला स्वतःला भोगाव्या लागलेल्या भेदभावाची हकीकत लिहून द्यावी लागू लागली. ऑक्टोबर 2025 मध्ये वाहतूक खात्यानेही वंश आणि लिंग यांवरचे गृहीतक काढून टाकले आणि आधीच्या सगळ्या दाखलेधारकांची फेरतपासणी करायला सांगितले. आपल्याकडे अनुसूचित जाती-जमातींची यादी राज्यघटनेच्या कलम 341 आणि 342 खाली राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरते, त्यामुळे इथला पाया निराळा आणि जास्त भक्कम आहे.

अमेरिकेतली ही कल्पना भारतात मोठ्याने मांडली गेली ती जानेवारी 2002 मध्ये, भोपाळला. दिग्विजयसिंह मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री असताना दलित आणि आदिवासी विचारवंतांची जी परिषद तिथे भरली, तिच्या घोषणापत्रात सरकारने आणि खासगी कंपन्यांनी आपल्या खरेदीत वंचितांच्या उद्योगांना वाटा द्यावा अशी मागणी होती. चंद्रभान प्रसाद हे पत्रकार-लेखक त्यामागे होते. 2005 मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे 'डिक्की', स्थापन केली. नोकरी मागणारे नव्हे तर नोकरी देणारे होऊ या, ही तिची भूमिका. खरेदीत वाटा मिळवण्याच्या मागणीला या संघटनेने धंद्याची भाषा दिली. 2013 साली मिलिंद कांबळे आणि कमानी ट्यूब्सच्या कल्पना सरोज या दोघांनाही पद्मश्री मिळाली. दोघेही महाराष्ट्रातले.

आता 2012 चा आदेश. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम 2006 च्या कलम 11 खाली तो काढला गेला आणि 1 एप्रिल 2012 पासून लागू झाला. केंद्रातली मंत्रालये, खाती आणि सरकारी कंपन्या यांनी वर्षभराच्या खरेदीतला 20 टक्के भाग सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यावा, आणि त्यातले 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून, असे ठरले. पहिली तीन वर्षे ते उद्दिष्ट म्हणून होते, 1 एप्रिल 2015 पासून बंधनकारक झाले. 2018 च्या दुरुस्तीने 20 चे 25 टक्के झाले आणि स्त्रियांच्या मालकीच्या उद्योगांसाठी 3 टक्के आले. अनुसूचित जाती-जमातींचे मात्र 4 च राहिले. 2011 च्या जनगणनेत या दोन्ही समाजांची मिळून लोकसंख्या देशाच्या 25 टक्क्यांहून थोडी जास्त आहे.

या 4 टक्क्यांपर्यंत जाण्यासाठी 'वंचित मालकीचा उद्योग' असा एकच दाखला आपल्याकडे कुठले कार्यालय देत नाही. तो तीन वेगवेगळ्या कागदांतून उभा राहतो, आणि नवख्या माणसाचा सगळा गोंधळ इथेच होतो.

पहिला कागद उद्यम नोंदणीचा. 1 जुलै 2020 पासून ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर, आधार आणि पॅनच्या जोरावर, पूर्ण मोफत होते. 'नोंदणी करून देतो' म्हणत हजार-दोन हजार घेणाऱ्या एजंटांची आणि त्यांच्या हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या संकेतस्थळांची इथे गरजच नाही. अर्जात मालकाचा सामाजिक प्रवर्ग विचारला जातो. तो तुम्ही सांगाल तसा नोंदला जातो, पुरावा जोडावा लागत नाही. म्हणून उद्यम प्रमाणपत्रावर प्रवर्ग छापून आला की काम झाले असे समजू नये. खरेदी करणारे कार्यालय पुरावा वेगळा मागते.

उद्यमच्या अर्जात सगळ्यांत जास्त नुकसान करणारी चूक व्यवसायाच्या प्रकारात होते. उत्पादन, सेवा आणि व्यापार असे तीन प्रकार असतात. 2021 पासून घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण तिचा उपयोग बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता आहे. सरकारी खरेदीतली सवलत त्यांना नाही. बाहेरून माल आणून पुरवणाऱ्याला हा 4 टक्क्यांचा दरवाजा बंद असतो. मात्र कित्येक जण स्वतःच्या शेडमध्ये वस्तू तयार करत असूनही अर्जात व्यापार हाच मुख्य व्यवसाय म्हणून टाकून ठेवतात, कारण अर्ज भरणाऱ्या मुलाने तसे निवडलेले असते. पुढे निविदेची छाननी होते आणि एका शब्दावर सवलत नाकारली जाते. हा तपशील संकेतस्थळावर दुरुस्त करता येतो. निविदा भरण्याआधी तो एकदा डोळ्यांखालून घालावा.

दुसरा कागद जातीचा दाखला. महाराष्ट्रात तो 2000 च्या जात प्रमाणपत्र अधिनियमाखाली प्रांताधिकारी देतात. सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार संकेतस्थळावरून अर्ज करता येतो. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला आपले कुटुंब 10 ऑगस्ट 1950 पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो, जमातीसाठी ही तारीख 6 सप्टेंबर 1950 आहे. राष्ट्रपतींचे आदेश त्या दिवशी निघाले, म्हणून या तारखा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला असला तर काम सोपे. पण ज्यांना शाळेच्या पायरीवरही उभे केले जात नव्हते त्यांच्याकडे 1950 पूर्वीचा शाळेचा दाखला कुठून असणार? मग कोतवाल बुक शोधावे लागते. गावातल्या जन्ममृत्यूची नोंद कोतवाल ज्या वहीत ठेवत असे, तो गाव नमुना 14. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, कापडाच्या बस्त्यात बांधलेली ही पिवळी पडलेली पाने असतात. कडा तुटतात, शाई उडालेली असते, आणि बऱ्याच नोंदी मोडी लिपीत असतात. पणजोबांचे नाव, बापाचे नाव, जात आणि तारीख अशी एक ओळ सापडली की मोडी वाचणाऱ्याकडून तिचे लिप्यंतर करून घ्यायचे, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र जोडायचे, आणि मग अर्ज पुढे सरकतो. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाकडे पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र असेल तर ही वणवण पुष्कळ वाचते.

दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला हवा, हेही लक्षात ठेवावे. राज्याच्या नमुन्यातला दाखला केंद्रीय कंपनीत नाकारला जाण्याचे प्रसंग नेहमी येतात. बौद्ध समाजाच्या बाबतीत हा प्रश्न जास्त नाजूक आहे. 1956 नंतर धम्म स्वीकारलेल्यांना केंद्राने अनुसूचित जातींच्या सवलती दिल्या त्या 1990 च्या दुरुस्तीने. केंद्राच्या दाखल्यावर मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख लागतो. राज्याच्या जुन्या दाखल्यावर नुसते 'नवबौद्ध' असेल, तर नवा दाखला काढून घ्यावा. विवाहित स्त्रीची जात जन्माने ठरते, म्हणून तिने माहेरचे कागद लावायचे असतात. सासरच्या जातीने दाखला मिळत नाही आणि जातही नाही.

विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि इतर मागासवर्ग यांना केंद्राच्या या धोरणात स्वतंत्र वाटा नाही. महाराष्ट्रात विदर्भाबाहेरचे कैकाडी, तसेच वडार, बेलदार अशा समाजांचे पारंपरिक कामच बांधकामाशी आणि कारागिरीशी जोडलेले आहे. दगड फोडणे, माती उपसणे, टोपल्या विणणे यांत त्यांच्या पिढ्या गेल्या. त्यांना सरकारी खरेदीत प्रवर्ग म्हणून जागा नसावी, ही या आदेशातली मोठी उणीव मला वाटते.

तिसरा कागद मालकीचा. एकट्या मालकाचा व्यवसाय असेल तर प्रश्न नाही. भागीदारीत अनुसूचित जाती-जमातीच्या भागीदारांचा हिस्सा किमान 51 टक्के हवा. खासगी मर्यादित कंपनीत अशा प्रवर्तकांकडे किमान 51 टक्के शेअर हवेत. भागीदारीपत्र, शेअरधारकांची यादी आणि सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र यांवरून ते ठरते. गुंतवणूकदाराला हिस्सा देताना किंवा भावाला कंपनीत घेताना हा आकडा 50 वर आला, तर सवलत गेली. भांडवल उभारण्याआधी लेखापालाशी याबाबत जरूर बोलावे.

आपल्याकडे तपासणी इथे संपते. जागेवर जाऊन 'धंदा खरोखर कोण चालवतो' हे बघण्याची रीत या धोरणात नाही. मला यात मोठा धोका दिसतो. पुढे केलेला माणूस ठेवून सवलती लाटण्याची सवय आपल्या समाजाला नवी नाही. ड्रायव्हरच्या, जुन्या नोकराच्या, शेजारच्या गावातल्या एखाद्या गरजू पदवीधराच्या नावावर फर्म काढायची, कोऱ्या चेकवर सह्या घेऊन ठेवायच्या, आणि महिन्याला पाच-दहा हजार त्याच्या हातावर ठेवायचे. सही करणाऱ्याला वाटते, फुकटचे पैसे मिळतात, बिघडले कुठे? बिघडते असे की जीएसटी थकला तर नोटीस त्याला येते, बँकेचे कर्ज बुडाले तर त्याची पत कायमची जाते, माल निकृष्ट निघाला तर काळ्या यादीत त्याचे नाव लागते. आणि ज्या दिवशी त्याला स्वतःचा धंदा उभा करायचा असेल, त्या दिवशी त्याच्या नावावर एक बुडालेली फर्म आधीच असते. जातीचा दाखलाच खोटा निघाला तर महाराष्ट्राच्या कायद्यात सहा महिने ते दोन वर्षे कैदेची शिक्षा आहे. ज्या 4 टक्क्यांसाठी सत्तर वर्षे वाट पाहिली, ते दुसऱ्याच्या खिशात घालायला आपण आपली सही देऊ नये.

तीन कागद जुळले की प्रत्यक्ष फायदा काय? निविदेचे कागद मोफत मिळतात. निविदेसोबत भरायची अनामत, म्हणजे ईएमडी, माफ होते. लहान उद्योजकासाठी ही सवलत फार मोठी आहे, कारण चार निविदांमध्ये अनामत अडकली तर कच्चा माल घ्यायला हातात पैसा उरत नाही. काम मिळाल्यानंतरची सुरक्षा अनामत मात्र भरावी लागते, ती माफ नाही. 358 वस्तू फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडूनच घ्यायच्या, अशी राखीव यादीही आहे.

दराची सवलत थोडी बारकाईने समजून घ्यावी लागते. समजा एका सरकारी कंपनीला हजार लोखंडी कपाटे हवी आहेत. सगळ्यांत कमी दर एका मोठ्या कारखान्याचा, कपाटामागे 10,000 रुपये. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचा दर 11,500 पर्यंत, म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आत असेल, तर त्याला विचारले जाते: 10,000 ला द्याल का? तो तयार झाला तर चौथा हिस्सा, म्हणजे अडीचशे कपाटांचे काम, या पंधरा टक्क्यांच्या आतल्या लहान उद्योगांना मिळते. म्हणजे जास्त पैसे कोणी देत नाही. मिळते ती फक्त दुसरी संधी. ती घ्यायची तर 10,000 ला आपल्याला परवडते की नाही, हा हिशेब निविदा भरतानाच तयार हवा. नुसत्या उत्साहात दर जुळवून तोट्यात गेलेले उद्योजक प्रत्येक औद्योगिक वसाहतीत भेटतील.

बहुतेक खरेदी आता 2016 मध्ये सुरू झालेल्या जेम या सरकारी बाजारपेठेवर होते. तिथे सूक्ष्म-लघु उद्योगाचा प्राधान्यक्रम वस्तूच्या उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्यालाच मिळतो. दुसऱ्याचा माल विकणाऱ्याला नाही. उद्यम क्रमांक जेमवरच्या खात्याला जोडलेला असणे, त्यातला पत्ता आणि पॅन जुळणे, आपण बनवतो तीच वस्तू योग्य वर्गात नोंदलेली असणे, या तीन गोष्टी तपासल्याशिवाय बोली लावण्यात अर्थ नाही. अडचण आली तर 18 ऑक्टोबर 2016 रोजी लुधियानात सुरू झालेला राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब मदतीला आहे. राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ तो चालवते. यंत्रसामग्रीच्या खरेदीवर 25 टक्के, जास्तीत जास्त 25 लाखांपर्यंत भांडवली अनुदान, निविदा भरण्याचे प्रशिक्षण, प्रदर्शनांत भाग घेण्याची मदत, असे त्याचे स्वरूप आहे.

इतके सगळे असून 4 टक्क्यांचे उद्दिष्ट सातत्याने हुकत आले आहे. त्याची कारणे आदेशातच सापडतात. पात्र उद्योगांनी निविदा भरली नाही किंवा ते दर जुळवू शकले नाहीत, तर त्यांचा 4 टक्क्यांचा वाटा इतर सूक्ष्म-लघु उद्योगांकडून भरून काढावा, असे कलम त्यात आहे. खरेदी अधिकाऱ्याला यामुळे वाट मोकळी मिळते. उद्योग शोधण्याचे, त्यांना तयार करण्याचे कष्ट न घेताही त्याचा हिशेब जुळतो. उद्दिष्ट चुकले तर शिक्षा कोणालाच नाही. शिवाय हे धोरण वस्तू आणि सेवांपुरते आहे, बांधकामाची कंत्राटे त्यात धरली जात नाहीत. बाबासाहेबांनी 1942 मध्ये ज्या कामांत वाटा मागितला, नेमकी तीच कामे 2012 च्या आदेशाबाहेर राहिली. कर्नाटकाने आपल्या राज्यात हे करून दाखवले आहे. तिथे अनुसूचित जातींना 17.15 आणि जमातींना 6.95 टक्के बांधकाम कंत्राटे राखीव आहेत, आधी 50 लाखांपर्यंतच्या आणि 2023 पासून एक कोटीपर्यंतच्या कामांत. शेजारचे राज्य करू शकते ते महाराष्ट्रानेही करायला हवे. इथे मागणी करणारेही कमी नाहीत.

शेवटी बिलाचा प्रश्न. सरकारी काम मिळालेला लहान उद्योजक बुडतो तो बहुधा काम न मिळाल्याने नव्हे, बिल न निघाल्याने. 2006 च्या कायद्यानुसार माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावेच लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. बँक दर साडेसहा टक्के धरला तर हे व्याज साडेएकोणीस टक्के होते. दहा लाखांचे बिल वर्षभर अडले, तर व्याज दोन लाखांच्या वर जाते. दाद मागण्यासाठी सरकारी संकेतस्थळ आहे, आणि त्यावरची तक्रार राज्याच्या परिषदेकडे जाते. परिषदेच्या निकालाविरुद्ध न्यायालयात जायचे तर खरेदीदाराला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. 'पुढचे काम मिळणार नाही' या भीतीने लोक तक्रार करत नाहीत. ती भीती खरी आहे, मी ती खोटी म्हणणार नाही. पण व्याजाचा हिशेब मांडून एक सभ्य पत्र जरी पाठवले तरी पुष्कळदा फाइल हलते. मात्र उद्यम नोंदणी माल पुरवण्याच्या आधीची हवी. काम झाल्यावर नोंदणी करून या कायद्याचा आधार मिळेल, या भरवशावर कोणी राहू नये.

निविदा भरायला बहुधा दोन-तीन आठवडे मिळतात. जातीचा दाखला, वंशावळ आणि कोतवाल बुकातली नोंद एवढ्या वेळात जुळत नाही. म्हणून धंदा करण्याचा विचार मनात असलेल्या प्रत्येक मुलामुलीने, आज निविदा डोळ्यांसमोर असो वा नसो, केंद्राच्या नमुन्यातला दाखला आताच काढून ठेवावा. आणि तुमच्या घरात आजोबांचे, पणजोबांचे काही कागद असतील, तर ते आज शोधून त्यांच्या प्रती काढून घ्या.